कापडाखालचा तिसरा पंजा

पूर्वी चंपानगरीत अरिंदम राजाचे राज्य होते. तेव्हा बोधिसत्त्व बैलबाजारातल्या एका दलालाच्या घरी जन्मला आणि पुढे दलालीच करू लागला. दलाल म्हटल्यावर नाक मुरडू नका. बोधिसत्त्व कुठेही जन्म घेतो.

त्या बाजारात भाव तोंडाने बोलत नसत. दलाल घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या हातांवर कापड टाकी आणि आत बोटे दाबून सौदा ठरे. एक बोट म्हणजे एक नाणे, पुरा पंजा म्हणजे पाच.

राजाचा बैलांवर भारी जीव. वासराची मान खाजवल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. गरिबालाही बैल घेता यावा म्हणून त्याने दवंडी पिटवली, की जो बैल घेईल त्याला खजिन्यातून मागाहून पाच नाणी मिळतील. लोकांनी राजाला डोक्यावर घेतले. पुढच्याच बाजारी दहाचा बैल पंधराला गेला. भावाबरोबर दलालीही चढली, आणि बोधिसत्त्वाच्या ताटात रोज तूप येऊ लागले.

एकदा उप्पला तेलीण आली. तिचा बैल मेला होता, घाणा थांबला होता, आणि घाणा थांबला म्हणजे चूलही थांबली. गाठीला दहाच नाणी होती. विक्रेत्याने तिसरा पंजा दाबला तशी ती म्हणाली, "मागाहून मिळतील रे बाबा, पण आज कुठून आणू?" आणि रिकामीच परतली. त्या दिवशी बोधिसत्त्वाला तूप गिळवेना.

तो राजाकडे गेला, उप्पलेची हकीकत सांगितली आणि त्याला साध्या वेशात बाजारात घेऊन आला. राजाच्या आणि एका विक्रेत्याच्या हातांवर कापड पडले. विक्रेत्याने दोन पंजे दाबले, मग तिसरा.

"हा तिसरा कशाचा?" राजाने विचारले.

"तो राजाचा," विक्रेता हसला. "बैल दहाचाच आहे. पण राजा देतोय, तर आपण का सोडायचं?"

राजाचा चेहरा उतरला. "मला वाटलं, मी उप्पलेसारख्यांना देतोय," परतताना तो म्हणाला.

"तुमची माया खरी आहे महाराज, पोचते भलतीकडे. त्यापेक्षा शिकारीसाठी राखलेली कुरणं चरायला मोकळी करा. गुरं वाढली की भाव उतरेल."

"मग तुझी दलालीही उतरेल."

"उतरू दे. तूप जरा जास्तच झालं होतं."

राजाने ती पाच नाणी बंद केली आणि कुरणे उघडली. पण गुरे वाढेपर्यंत उप्पलेची चूल कशी पेटणार? म्हणून तो स्वतःचा लाडका बैल घेऊन बाजारात आला. उप्पला फुकट घेईना. मग बोधिसत्त्वाने दोघांच्या हातांवर कापड टाकले. बराच वेळ ते हलत राहिले. शेवटी उप्पला खुदकन हसली आणि बैलाचा कासरा धरून घरी निघाली. आत किती बोटे दाबली, ते दोघांनीही कधी सांगितले नाही.

एवढे सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तो राजा म्हणजे इथे माझ्याजवळ बसलेला आनंद. उप्पला तेलीण म्हणजे सुजाता. आणि दलाल मी होतो." आपल्याच ताटातले तूप जाणार हे ठाऊक असून जो खरे बोलतो, त्याची ती सत्यपारमिता.