झेललेले शब्द

एका राज्यात राजाचा शब्द जमिनीवर पडू द्यायचा नाही अशी रीत होती. राजा बोलता बोलता थांबला, त्याला ठसका लागला, की सिंहासनाशेजारचे झेलकरी पुढे होत आणि त्याचं वाक्य पुरं करत. राजा नुसतं "आज आम्ही" म्हणे. पुढची शिकार, पुढचा न्याय, पुढचं जेवण झेलकरी सांगत. यात राजाचा मोठा मान आहे असं साऱ्या प्रजेला वाटे. राजा वज्रसेनालाही वाटे.

या राजाची राणी केतकी. तिला एकुलती एक लेक, कुंदा. कुंदा लवकर बोलायला लागली, दिवसभर चुरुचुरु बोलायची. अडीच वर्षांची झाली आणि एके सकाळी तिचा शब्द ओठावर अडला. "प-प-पाणी," ती म्हणाली. मग "मा-मा-माझी बाहुली" झालं. मग तर असा अडे की तोंड उघडं, डोळे मिटलेले, आणि आवाजच नाही.

राणी तिला जवळ ओढून घेई. ती म्हणे, "सावकाश, बाळ. श्वास घे. परत म्हण." पोर परत म्हणे आणि जास्तच अडे. तोवर झेलकरी धावत. राजाचं रक्त ते, तिचाही शब्द पडता कामा नये. तिनं "प-प" केलं की चौघं मिळून "पाणी" म्हणत, आणि पाणी हजर होई.

पण नवल असं, की जो शब्द दुसऱ्यानं झेलला, तो कुंदाच्या तोंडून कायमचा जाई. त्याची साळुंखी होई आणि ती खिडकीतून उडून जाई. पाणी गेलं, भात गेला, बाहुली गेली. तहान लागली की पोर मुकाट्यानं रांजणाकडे बोट दाखवी.

राजवैद्यानं वेखंड उगाळून जिभेला लावलं. जीभ पोळली, शब्द आला नाही.

राजमाता म्हणाली, "सूनबाई, पोटुशी असताना ग्रहणात बाहेर पडली असशील."

"नाही, सासूबाई."

"मग आठवत नसेल."

राणी रात्रंदिवस आठवत राहिली. काय खाल्लं, कुठे गेले, कुणाला दुखावलं. काही सापडेना आणि मन काही ऐकेना.

एका दुपारी कुंदा तिच्या मांडीवर येऊन बसली. आईच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "आ-आ-आ". पोरीची मान ताठली, ओठ थरथरले. राणीला ते बघवेना. ती घाईनं म्हणाली, "आई. आई म्हणायचंय ना माझ्या बाळाला?"

मांडीवरून साळुंखी उडाली. हा शब्द कुणा झेलकऱ्यानं नव्हता झेलला. कुंदानं तोंड मिटून घेतलं आणि त्यानंतर ते उघडलंच नाही.

तेव्हा सर्वांत म्हातारा झेलकरी, सोमदत्त, हात जोडून पुढे आला. "राणीसाहेब, महाराजांच्या आजोबांच्या दरबारी बिल्वकेतू नावाचा मांत्रिक आला होता. स्वतःचं नाव सांगताना तो अडला. आमच्या वाडवडलांनी त्याचं नाव झेललं आणि दरबार हसला. जाताना त्यानं राखेनं उंबऱ्यावर लिहिलं: 'या घरच्या लेकराचा अडलेला शब्द जो झेलेल, तो त्या शब्दाला माझ्या झाडावर पाठवेल.' ती राख धुऊन निघत नाही. तिच्यावर गालिचा टाकलेला आहे."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"अडखळणारं लेकरू या घरात आजवर जन्मलं नव्हतं. आम्ही विसरून गेलो होतो."

राणीनं अंगावरचे दागिने उतरवले, कुंदाच्या केसांवरून हात फिरवला आणि साळुंखी गेली त्या दिशेला एकटीच चालू लागली.

चालता चालता एक मोठं तळं लागलं. काठावर राघू बसला होता. राघू म्हणाला, "राणी, पुढे तीन कामं आहेत. होडीला पार जाऊ दे. झाडाला बोलू दे. झाडाच्या धन्याचं ऐकून घे. एक चुकलीस तर लेक मुकी राहील."

राणी काठाच्या होडीत बसली. होडी आपोआप निघाली. हातभर पुढे जाई, तीन वेळा थरथरे, अडून राही, मग परत हातभर जाई. राणीचा जीव वरखाली झाला. ती म्हणाली, "सावकाश. नीट चल." होडी मागे फिरून काठाला लागली. राणीनं हातांनी पाणी मारलं. होडी पुन्हा काठाला. राघू हळूच म्हणाला, "बुडतेय का ती?"

"नाही."

"मग तुला कसलं भय?"

राणीनं हात मांडीवर ठेवले. होडी अडली तेव्हा तीही अडलेल्या जागी नुसती बसून राहिली. तिथलं पाणी बघितलं, पाण्यातली कमळं बघितली. होडीची ती चालच होती. त्याच चालीनं ती पार गेली.

पलीकडे झाड होतं. पानोपानी साळुंख्या, आणि प्रत्येकीच्या तोंडी एकच शब्द, कुंदाच्या आवाजातला. "भात." "चांदोबा." "नको." "माझी." आणि वरच्या फांदीवरून "आई". झेलायला राणीनं पदर पसरला, तशा साऱ्या साळुंख्या उंच उडाल्या. ती धावली, त्या आणखी वर गेल्या. दमून ती मुळापाशी खाली बसली. पदर आवरून घेतला. जवळच्या साळुंखीनं "भात" म्हटलं, तेव्हा राणी काही बोलली नाही. हातातला स्वयंपाक बाजूला ठेवून लेकराकडे बघावं तसं तिच्याकडे बघत राहिली. साळुंखी एक फांदी उतरली. मग दुसरी उतरली. उन्हं कलली तोवर झाड रिकामं होऊन तिच्याभोवतीची जमीन भरली होती.

मग झाडामागून बिल्वकेतू आला. पांढरी दाढी, अंगभर राख, डोळे मात्र लहान मुलासारखे. तो समोर मातीत बसला.

"मा-माझं नाव ऐक," तो म्हणाला. "मी बि-बि-बि"

राणीला नाव ठाऊक होतं. जिभेच्या टोकावर होतं. मांत्रिकाची मान ताठली, ओठ थरथरले. अगदी तसेच. एक अक्षर उच्चारलं तर बिचाऱ्याचे हाल संपतील, असं तिला वाटलं. तिनं दात आवळले. मग तिला उमगलं की आवळलेले दातही त्याला दिसताहेत. तिनं तोंड सैल सोडलं, खांदे सैल सोडले आणि जगात दुसरं काही काम नसल्यासारखी त्याच्या डोळ्यांत बघत राहिली. सूर्य डोंगराला टेकला.

"बि-बिल्वकेतू," तो म्हणाला. त्याच्या गालावरून पाणी ओघळलं.

"बिल्वकेतू महाराज, मी केतकी," राणी म्हणाली. "एक विचारू? माझ्या हातून काय पाप घडलं, की तुम्ही माझ्या लेकीला अडखळायला लावलंत?"

"अ-अडखळणं मी दिलं नाही. तूही दिलं नाहीस, ग-ग्रहणानंही नाही. चालायला शिकताना मूल पडतं, तसं काहींचं बो-बोलणं पडतं. मी फक्त तुम्ही झेललेले शब्द ठेवून घेतले. आता ने."

"घरी नेल्यावर ती नीट बोलेल?"

"पु-पुष्कळ लेकरांचं अडखळणं जातं. माझं नाही गेलं. पण ऐकणारं कुणी असलं, तर ती बो-बोलायचं सोडणार नाही."

त्यानं हात उचलला. साऱ्या साळुंख्या एकदम उडाल्या आणि राजधानीकडे गेल्या.

राणी परतली तेव्हा उंबऱ्यावरची राख नाहीशी झाली होती. दरबार भरला होता. कुंदा राजाच्या पायाशी बसली होती. राजानं राणीला बघितलं आणि म्हणाला, "राणी, आता आम्ही"

झेलकऱ्यांनी तोंडं उघडली. राणीनं त्यांच्याकडे नुसतं बघितलं. तोंडं मिटली. राजा अवघडला, अर्धं वाक्य घेऊन तो आयुष्यात प्रथमच एकटा पडला होता. "आता आम्ही काय करायचं?" त्यानं शेवटी विचारलं.

"थांबायचं, महाराज."

कुंदा उठून आईजवळ आली. आईच्या पायांकडे बघून म्हणाली, "आ-आ-आई, तु-तुझ्या पा-पा-" आणि तिथं अडली.

दरबारात जो तो मनात म्हणाला, पायाला काटा लागलाय. कुणाला वाटलं चिखल, कुणाला वाटलं पैंजण कुठे गेले. राजमातेचे ओठ हलले आणि तिनं त्यांवर पदर धरला. राणी लेकीच्या उंचीला येईल अशी खाली बसली.

"-पायावर मुंगी," कुंदा म्हणाली.

मुंगी होती खरी.

"आहे की गं," राणी म्हणाली. "कुठे निघाली असेल?"

कुंदानं विचार केला. "घ-घ-घरी."

मग दोघी मुंगीकडे बघत बसल्या. राजा सिंहासनावरून उतरून शेजारी येऊन बसला. मुंगी पायावरून खाली उतरून फरशीच्या फटीत शिरेपर्यंत त्या दिवशी राज्याचं काम थांबून होतं, आणि त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही.