पाखरीची वाट

फार वर्षांमागची गोष्ट. सीनेच्या काठी कोळवडीत चांदभाई नावाचा नालबंद राहायचा. त्यानं पाय हातात घेतला की बिथरलेलं घोडंही डोळे मिटून उभं राही, असं म्हणतात. चांदभाईला मूलबाळ नव्हतं. होती ती पाखरी घोडी, आई मेल्यावर बोळ्यानं दूध पाजून त्यानं वाढवलेली.

त्या काळी साहेबाच्या सरकारनं हौशी शिलेदारांचा रिसाला उभा केला. हत्यार सरकारचं, घोडं मात्र ज्याचं त्यानं आणायचं. शेजारच्या येसबाला रिसाल्याचं वेडच लागलं, पण घोडं कुठून आणणार? तीन दिवस तो चांदभाईच्या दाराशी बसून राहिला.

"घेऊन जा," चांदभाई अखेर म्हणाला. "पण तिला माघारी आण, लेकरा."

त्यानं पाखरीला नवे नाल ठोकले आणि गावाबाहेरच्या खिंडीपर्यंत तिच्यासोबत चालत गेला.

पुढं मोठी लढाई जुंपली. रिसाला बोटीत बसून समुद्रापार गेला. चार वर्षांनी येसबा परतला, तो पायी.

"बोटीत माणसांपुरतीच जागा होती, चाचा. घोडी तिकडंच विकली सायबानं." त्यानं चांदभाईचे पाय धरले.

चांदभाईनं त्याला उठवलं. एवढंच विचारलं, "लंगडत होती का रे?"

"नाही. धडधाकट होती."

"मग येईल ती. चालत येणाऱ्याला वेळ लागतोच."

तेव्हापासून ऊन कललं की चांदभाई खिंडीत जाई, तिथल्या दगडी डोणीत तिच्यासाठी पाणी भरी आणि मावळतीकडं तोंड करून तिला हाका मारी. लोकांची घोडी दारात आली तर तो नाल ठोकी, पण कुणाच्याच मानेवरून त्याचा हात फिरेना. दुष्काळात विहिरी आटल्या, तरी डोण कोरडी पडली नाही, असं म्हणतात.

एका संध्याकाळी तो घरी आलाच नाही. सकाळी येसबा शोधत गेला. धुळीत चांदभाईची पावलं डोणीपर्यंत उमटली होती. तिथून पुढं फक्त टापा, मावळतीकडं गेलेल्या. येणाऱ्या टापा कुठंच नव्हत्या. येसबा डोणीत पाणी ओतून तिथंच बसून रडला. मग मरेपर्यंत तो ती डोण रोज भरत राहिला.

आज कोळवडीत एकही घोडं नाही, पण डोण भरायची पाळी घराघरांत लावलेली आहे. शेरडं, चिमण्या, वाटसरू, सगळे तिथं पाणी पितात. गावातलं कुणी लांबच्या मुलखाला निघालं की घरचे त्याला खिंडीपर्यंत पोचवतात, ओंजळभर पाणी पाजतात आणि म्हणतात, "कितीही उशीर झाला तरी ये."