महाराजांची जाड चाकं

"चाकं हीच बसली पाहिजेत. सायकलच्या सांगाड्याला कानस लागता कामा नये. आणि दसऱ्याला मी हिच्यावरूनच शीव ओलांडणार. जमत नसेल तर अंबादास, बिऱ्हाड गुंडाळ आणि संस्थान सोड."

हा हुकूम नांदरगीच्या रणधीरराव महाराजांचा. नांदरगी संस्थान एवढं अफाट होतं की न्याहारी करून निघालेला माणूस जेवायला परमुलखात पोचत असे. बाकीचे राजे दसऱ्याला हत्तीवरून सीमोल्लंघन करत. हत्तीला चारा लागतो, म्हणून आमचे महाराज आधुनिक झाले आणि विलायती शर्यतीच्या सायकलवरून शिवेला जाऊ लागले.

गेल्या दसऱ्याला मात्र घोटाळा झाला. शिवेजवळच्या चढावर महाराजांना साऱ्या रयतेदेखत उतरून सायकल ढकलावी लागली. यावर दरबारात गंभीर चर्चा झाली. महाराजांच्या देहाकडे कोणी पाहिलं नाही, सगळ्यांनी चाकांकडे पाहिलं. "चाकं फार बारीक आहेत, म्हणून खडीत रुततात," असा निर्वाळा दिवाण त्र्यंबकरावांनी दिला आणि मुंबईहून सर्वांत जाड, सर्वांत महाग चाकं मागवली. महाग ते उत्तम, एवढं एकच शास्त्र दिवाणसाहेबांना येत होतं, पण ते मुखोद्गत होतं.

सायकलची देखभाल अंबादासकडे होती. अंबादास राजवाड्याचा शिंपी. शिवणयंत्राला चाक असतं आणि सायकललाही असतं, तेव्हा काम एकच, असं दरबारानं ठरवलं होतं. बिचारा दोन्ही इमानानं करी. त्यानं नवं चाक सांगाड्याच्या चिमट्यात, म्हणजे चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या दोन पायांमध्ये, घातलं. टायरमध्ये हवा नव्हती तोवर ते बसलं. दिवाणांनी टाळ्या वाजवल्या. मग अंबादासनं पंप मारला. रुंद रिंगेवरचा टायर फुगला आणि चिमट्याच्या दोन्ही पायांना असा चिकटला की चाक जागचं हलेना. अंबादासनं तसं सांगितलं. त्यावर वरचा हुकूम सुटला.

अंबादास घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. तीन पिढ्या ज्या घरात सुई चालली ते घर चाकापायी सोडायचं! त्याची मुलगी भागू हिनं सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, सरकारचा दसऱ्याचा जरीकोट उसवलात का?"

"कुठला उसवतोय? हातच चालत नाही."

"मग राहू द्या तसाच. मीच नेते."

दुसऱ्या दिवशी कोट घेऊन भागू दरबारात उभी राहिली.

"सरकार, चाकं बसवायला आलेय. पण दसऱ्याचं काम आहे, तर दसऱ्याचा पोशाख अंगावर हवा."

महाराजांना पोशाखाची हौस होतीच. त्यांनी कोट चढवला. बटणं लागेनात. महाराजांनी श्वास रोखून पोट आत ओढलं, दोन हुजऱ्यांनी दोन बाजूंनी ताणलं आणि बटणं लागली.

"वा! जणू कालच शिवलाय," दिवाण म्हणाले.

"बसला ना सरकार? आता श्वास सोडा," भागू म्हणाली.

महाराजांनी श्वास सोडला. वरचं बटण दिवाणसाहेबांच्या पगडीवर आदळलं, दुसरं कुठं गेलं ते अजून सापडलेलं नाही. दरबारी मंडळींना एकाएकी छताची नक्षी फार आवडू लागली.

"ही काय थट्टा आहे?" महाराज कडाडले. "हा माझा राज्याभिषेकाचा कोट आहे. दर दसऱ्याला नीट बसतो."

"दर दसऱ्याआधी बाबा त्याच्या बगला उसवून आत पट्टी जोडतात, सरकार. यंदा जोडली नाही. हवा काढून चाकाचं माप घेतलं आणि श्वास रोखून कोटाचं, दोन्ही सारखंच. कोटाला पट्टी जोडता येते. चिमट्याला कशी जोडायची, ते दिवाणसाहेबांनी दाखवावं."

दिवाणसाहेब पगडी सारखी करण्यात गढून गेले.

"मग मी काय पुन्हा सायकल ढकलत जाऊ?" महाराजांचा आवाज खाली आला. खरं दुखणं तेच होतं.

"मुंबईहून चाकं आली त्या पेटीत आणखी एक जोडी आहे, सरकार. दुकानदारानं नमुन्याला पाठवली होती. स्वस्त आहे म्हणून दिवाणसाहेबांनी ती उघडलीसुद्धा नाही. तुमच्या जुन्या चाकांपेक्षा थोडी रुंद आणि वजनाला निम्मी. काल रात्री बाबांनी पुरती हवा भरून बसवून पाहिली. दोन्ही बाजूंना करंगळी जाते. शिवेजवळ चिखल असतो, त्यालाही वाट हवी."

चाकं आणली, बसवली. भागूनं बोटानं नुसता धक्का दिला, तर चाक फिरतच राहिलं. महाराज मान हलवत बराच वेळ बघत होते. पण राजा तो राजा, सहजी हरेल कसा?

"चाक छान आहे. पण माझा हट्ट जाड चाकांचा होता. राजाचा हट्ट मोडायचा कसा?"

"मोडायचा कशाला, सरकार? कानस लावायची नाही हा हुकूम सांगाड्यापुरता होता. हट्टाला लावू नका, असं कुठं म्हणालात?"

दरबार गारठला. महाराजांनी भागूकडे पाहिलं, मग दिवाणांकडे, मग पोटावरच्या उघड्या कोटाकडे आणि इतके हसले की उरलेलं बटणही तुटलं.

अंबादासचं घर त्याच्या नावे कायमचं इनाम झालं. भागूला सोन्याचं कडं मिळालं आणि सायकलचा सगळा कारभारही. जाड चाकांची किंमत दिवाणसाहेबांच्या पगारातून वळती झाली आणि चाकं त्यांनी स्वतः डोक्यावरून घरी न्यावीत असं ठरलं.

भागू मुजरा करून निघाली, तेव्हा महाराजांनी तिला हळूच जवळ बोलावलं.

"पोरी, सायकलचं झालं. पण दसरा जवळ आलाय. कोटाला पट्टी जरा सढळ हातानंच जोडायला सांग."