वेलीआधीची शेवरी

"आण्णा, तुमच्या पानवेलीचा शेंडा मोडला तर आठ-पंधरा दिवसांत शेजारून फुटवा येतो. माणसाच्या मणक्यातल्या तंतूनंच काय पाप केलंय?"

सुव्रता पानमळ्याच्या बांधावर उभी होती. उभी कसली, येरझाऱ्या घालत होती. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत ती तुटलेले मज्जातंतू पुन्हा वाढवायच्या कामावर आहे. सहा महिन्यांमागे तिचा धाकटा भाऊ सन्मती याच मळ्यात पानं खुडताना शिडीवरून पडला. कमरेखाली त्याला काही कळत नाही.

मळ्याचे मालक बाबगोंडा आण्णा सरीत पाणी सोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

तीच बोलत राहिली. उंदरांमध्ये तंतू वाढतो, पण जखमेच्या वणापाशी येऊन थबकतो. तो वण ओलांडायला लावणारं औषध हवं. आणखी एक वर्ष... कदाचित पाच.

सन्मतीचे पाय आता कोण हलवतं, आण्णांनी विचारलं.

कोणी नाही, ती म्हणाली. आई रोज सकाळी तासभर ते दुमडायची, ताणायची. त्यात तिची कंबर गेली. मग मीच बंद करायला लावलं. वरून निरोपच जात नाही, तर पायांना कवायत कशाला? आधी तंतू जोडू दे, मग पायांचं बघू.

"लई शिकलीस," आण्णा म्हणाले.

त्यांनी खोऱ्यानं पाणी वळवलं.

सुव्रताला उगी राहवेना. तिनं पाणी कुठं जातंय ते पाहिलं. नव्या वाफ्यात वेलीच्या आधाराच्या शेवरीची रोपं कमरेएवढी झाली होती. ओळीच्या ओळी. वेल मात्र एकही नव्हती.

"रिकाम्या काठ्यांना पाणी पाजताय होय, आण्णा?"

"वेल अजून लावायचीय. दीड महिना आहे."

ती हसली. आण्णांनी सरीच्या तोंडाशी पाय आडवा धरला. पाणी थांबलं.

"मग तोडू पाणी?"

"नको. वाळून जातील की."

"जाऊ देत. वेल आली की लावू दुसऱ्या."

"आणि तोवर ती चढणार कशावर..."

सुव्रता मध्येच थांबली. तिच्या येरझाऱ्याही थांबल्या.

आण्णांनी पाय काढला. पाणी शेवरीच्या बुडाशी पसरत गेलं. खोरं खांद्यावर टाकून ते पुढच्या सरीकडे निघाले, चार पावलांवर वळले.

"आईची कंबर गेली म्हणालीस. तुझी धड हाय न्हवं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सुव्रतानं सन्मतीचा उजवा गुडघा दुमडायला घेतला. आखडलेला तो निम्माच वाकला.