नरहरीची सूट आणि सगुणेची गच्ची

घाटमाथ्यावरच्या एका गावात सूर्याच्या जिवावर पोट भरणारं एक घर होतं. घर साधंच, पण आळीत गच्ची काय ती त्या घरालाच. बाकी सगळीकडे कौलं आणि पत्रे. चैत्र लागला की या गच्चीवर सगुणा कुरडया घालायची. भिजवलेल्या गव्हाचा चीक पहाटे शिजवायचा, सोऱ्यातून जुन्या सुती साड्यांवर पाडायचा आणि पुढचं काम उन्हावर सोपवून खाली यायचं. तिची कुरडई तळली की पांढरीशुभ्र फुलायची. आसपासच्या गावांत लग्न निघालं, की रुखवतात मांडायला कुरडया सगुणेच्याच. तिच्या हाताखाली आळीतल्या चार बायका राबत आणि त्यांच्या घरचं मीठमिरचीही त्यातून सुटे.

तिचा नवरा नरहरी भला माणूस होता. कष्टाळू, गोडबोल्या, सुपारीच्या खांडालाही न शिवणारा. त्याला व्यसन एकच, सवलतीचं. घरात छत्र्या असताना एकावर एक फुकट मिळते म्हणून त्याने आणखी दोन आणल्या होत्या. फुकट ते पौष्टिक, असं म्हणणारे पुष्कळ असतात. नरहरी ते मनापासून मानत असे.

एका दिवाळीनंतर सरकारची योजना आली. घरावर सौर पाट्या बसवा, खर्चातला मोठा वाटा सरकार देईल. योजना चांगलीच होती. वीज घरची, बिल नावाला, उन्हाची तर काही किंमतच नाही. तालुक्याहून कंपनीचा माणूस आला. त्याने घरातले दिवे, पंखे, फ्रिज पाहिले आणि सरळ सांगितलं की एक ओळ पाट्यांची बसवा, तुमचं सहज भागेल. जाता जाता तो एवढंच म्हणाला की तीन ओळी बसवल्या तर सूटही जास्त मिळते. नरहरीच्या कानात शेवटचं वाक्य तेवढं राहिलं.

सगुणेने विचारलं, "अहो, आपल्याला वीज लागती किती?"

"अगं, सरकार देतंय ते काय सोडून द्यायचं?"

"आणि माझ्या कुरडया कुठं वाळायच्या?"

अंगण काय लहान आहे, असं म्हणून नरहरीने तो विषय संपवला. थंडीचे दिवस होते. थंडीत उन्हाळ्याची काळजी करणाऱ्याला लोक हसतात, म्हणून सगुणाही गप्प बसली. मला विचाराल तर तिथे तिने गप्प बसायला नको होतं.

गच्ची या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत भरली. सूट मिळाली, पण उरलेला खर्च घरातूनच द्यावा लागला आणि तीन ओळींचा तो खर्च काही थोडका नव्हता. सूट किती मिळाली हे नरहरी गावभर सांगे. पदरचे किती गेले हे तो घरातही सांगत नसे. बिल आलं ते अगदी किरकोळ. ते खिशात घालून तो पाराशी जाई आणि कुणी विचारलं नाही तरी दाखवी. जास्तीची वीज तारेतून परत जाई, तिचे चार पैसे मिळत. महिनाभर तो मोठ्या सुखात होता.

मग चैत्र लागला. लग्नं निघाली. सगुणेने शब्द दिलेले होते, म्हणून तिने गहू भिजत घातले. पहिला घाणा अंगणात घातला. कोंबड्यांनी त्यात पाय दिले, रस्त्याची धूळ बसली आणि दुपारी चिंचेची सावली आली. दुसरा घाणा नरहरीने हौसेने गच्चीवर पाट्यांच्या खाली नेऊन घातला. तिथे ऊनच नव्हतं. कुरडया आंबल्या आणि तळल्यावर काळ्या पडल्या. तरी शब्द दिलेला, म्हणून त्यातल्या त्यात बऱ्या निवडून सगुणेने डबा पाठवला. शेजारच्या गावातल्या नवरीच्या आईने तो उघडून पाहिला, झाकण लावलं आणि परत पाठवला. त्या दिवशी सगुणा स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून रडली. इतक्या वर्षांचं नाव एका डब्यात गेलं होतं. असेच आणखी डबे परत आले असते तर तिच्याकडे पुन्हा कुणी आलं नसतं आणि त्या चार बायका दुसऱ्याच्या शेतावर गेल्या असत्या.

नरहरीला वाईट वाटलं. पण वाईट वाटलं तरी व्यसन सुटत नाही. तो शहरात गेला आणि विजेवर चालणारं वाळवणाचं यंत्र घेऊन आला. त्यावरही सूट होती. यंत्र घुंघुं करू लागलं. घरची सगळी वीज त्याने पिऊन टाकली, वर बिल वाढलं आणि कुरडया निघाल्या पिवळट, हात लावताच मोडणाऱ्या. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तसं झालं.

कामाला येणाऱ्या कौसल्याकाकू दारात बसून हे सगळं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "नरहरी, ऊन पकडून त्याची वीज करायची, विजेवर यंत्र फिरवायचं आन् यंत्रानं कुरडई वाळवायची. हेच काम ऊन आजवर फुकट करत हुतं की रं बाबा."

नरहरीने यंत्राचं बटण बंद केलं. आता दोनच वाटा होत्या. एक तर बायकोचा धंदा बुडू द्यायचा आणि पारावर बिल दाखवत राहायचं, नाहीतर चूक झाली म्हणायचं. चूक कबूल केली तर जास्तीची सूट सरकारला परत द्यावी लागणार होती, पाट्या पडत्या भावात जाणार होत्या आणि गाव हसणार होतं ते वेगळंच. नरहरीने खालमानेने बायकोला विचारलं, "किती ओळी काढू?"

सगुणेने जुन्या साड्यांचं गाठोडं काढलं आणि शेजारच्या मोकळ्या रस्त्यावर गच्चीएवढी जागा खडूने आखली. तिच्यात एकाशेजारी एक साड्या अंथरल्या. वाळवणाला लागते तेवढी जागा आधी धरली आणि मग उरलेल्या तुकड्याकडे बोट दाखवलं.

"एवढ्यात बसतील तेवढ्या पाट्या ठेवा. बाकीचं ऊन माझं."

उरलेल्या तुकड्यात एकच ओळ बसली. कंपनीचा माणूस आला, दोन ओळी उतरवल्या आणि पडेल ती किंमत देऊन घेऊन गेला. जास्तीची सूट परत गेली. गाव दोन दिवस हसलं आणि मग लग्नाच्या घाईत विसरलं. पुढचा घाणा गच्चीवर पडला तो कडकडीत उन्हात. शेजारच्या गावातल्या नवरीच्या आईला सगुणेने नवा डबा स्वतः नेऊन दिला आणि त्या बाईने तो रुखवतात सगळ्यांच्या पुढे मांडला. त्या एका ओळीवर घरातले दिवे-पंखे चालत राहिले, बिलही किरकोळच येत राहिलं.

पुढच्या वर्षी शेजारचा मनुष्य नरहरीकडे पाट्यांची चौकशी करायला आला. जरूर बसव, फायद्याच्या आहेत, असं नरहरीने त्याला ठासून सांगितलं. शेजाऱ्याने विचारलं, "पण सूट किती मिळते?"

नरहरी म्हणाला, "ते मागनं सांगतो. आधी तुला लागतं किती, ते सांग."

तात्पर्य: सवलत जरूर घ्यावी, पण आपली गरज मोजून घ्यावी, कारण नको असलेली वस्तू अर्ध्या किमतीत मिळाली तरी ती महागच पडते.