सात शिक्के आणि एक ओटा

एका गावात एक ओटेआळी होती आणि त्या आळीत मार्तंडराव नावाचे गृहस्थ राहायचे. स्वभाव इतका काळजीचा, की कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून बघत. मग शेजाऱ्याचंही ओढून बघत.

यंदा आळीत ओट्यावर गाण्याचा जलसा करायचं ठरलं. परवानग्यांचं काम अर्थातच मार्तंडरावांकडे आलं. त्यांनी रस्ता बंद ठेवायला पालिकेची परवानगी आणली, लाउडस्पीकरला पोलीस ठाण्याची. दाद देताना कुणाचा हात विजेच्या तारेला लागला तर, म्हणून वीज कार्यालयाचंही पत्र घेतलं. दोन महिन्यांत सात शिक्के जमले. कागदावर स्पष्ट लिहिलं होतं: रविवारी सकाळी दहा ते एक, द्वारकाकाकूंच्या ओट्यावर. दुसरीकडे चालणार नाही. आळीत तोच ओटा सगळ्यांत ऐसपैस होता.

रविवारी पावणेदहाला गाणारे अंतोबुवा तंबोरा घेऊन आले आणि पायरीवरच थबकले. ओटाभर कुरडया वाळत होत्या. शेजारी द्वारकाकाकू काठी घेऊन कावळे हाकत बसल्या होत्या.

"काकू, आज इथे गाणं आहे," मार्तंडराव म्हणाले.

"असेल की. मला कुठे कोण बोललंय?"

मार्तंडरावांनी सातही शिक्के पुढे धरले. काकूंनी चष्मा लावून सगळं सावकाश वाचलं.

"यात माझा ओटा आहे. मी कुठे आहे?"

मार्तंडरावांनी घड्याळ पाहिलं. लोक सतरंज्या घेऊन यायला लागले होते. पोलिसाला बोलवावं, असं एकदा मनात आलंच, खोटं कशाला सांगा. शिक्का होता ना. पण त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली, चपला काढल्या आणि ते खालच्या पायरीवर बसले.

"काकू, चुकलो. तुमचा ओटा गाण्याला द्याल का?"

"हेच आधी विचारलं असतंस, मार्तंडा, तर कुरडया उद्या घातल्या असत्या. आता ओल्या आहेत, उचलू नकोस. खालच्या प्लॅस्टिकसकट कडेला ओढ, हलक्या हातानं. आणि बुवांना म्हणावं, कावळ्यांकडे तोंड करून बसा."

बुवांनी पहिली तान घेतली आणि कौलांवरचे सगळे कावळे उडाले. एक वाजेपर्यंत एकाही कुरडईला चोच लागली नाही. काकूंनी काठी केव्हाच बाजूला ठेवली होती.

"पुढच्या रविवारी पापड आहेत," निघताना त्या मार्तंडरावांना म्हणाल्या. "बुवांना आत्ताच विचारून ठेव."

तात्पर्य: ज्याच्या दारात बसायचं, त्याला सगळ्यांत आधी विचारावं, शिक्के नंतरही मिळतात.