समुद्र घरी जातो तेव्हा

आटपाट नगर नव्हतं ते. उघडंबोडकं माळरान होतं. तिथं राज्य करायचा एक राजा. त्याला दोन मुलगे आणि शेंडेफळ चंपावती. ए ठके, पाय पांघरुणात घे, नाहीतर इथंच थांबते मी.

तर एकदा काय झालं, राणी दुपारची आडवी झाली ती उठेचना. हाका मारल्या, ढोल बडवले, काही नाही. श्वास तेवढा चालू. चंपावती आईच्या उशाशीच बसून राहिली. आईशिवाय तिला घास उतरत नसे हो. मग खिडकीत एक बगळा येऊन बसला आणि चक्क माणसासारखा बोलला, "समुद्र घरी गेला की बेटावर जा. तिथलं निळं फूल राणीला हुंगायला दे. पण समुद्र परतायच्या आत नीघ."

शब्द सगळे सोपे. पण माळावरच्या माणसांनी समुद्र पाहिला होता कुठं?

थोरला म्हणाला, यात काय अवघड? आपली नदी वैशाखात आटते, तसा समुद्रही आटेल. वैशाखात गेला, तर समुद्र डोंगरावरूनच दिसला, काठोकाठ भरलेला! तसाच मागे फिरला. मधला म्हणाला, आपण तळ्याला पाट काढतो, तसा समुद्राला काढू. खणला पाट. पहिल्याच लाटेनं बुजवला. स्वारी रुसून घरी आली. इकडे राणीचा श्वास बारीक होत चालला.

मग चंपावती निघाली. ती बेटाच्या मागे लागलीच नाही, बरं का. किनाऱ्यावर हिरूबाई नावाच्या कोळणीकडे राहिली, मासळी वाळवायला लागली. पाणी रोज मागे सरतं, रोज पुढे येतं, हे तिनं पाहिलं. पण बेट आपलं पाण्यातच.

मग आली अमावास्या. हिरूबाईनं टोपली दिली आणि म्हणाली, चल शिंपल्या वेचायला, आज मोठी ओहोटी. बघते तर काय, बेटापर्यंत नुसती ओली वाळू! चंपावतीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. टोपली टाकून जी धावली!

बेटावर गोड फळं होती, थंडगार झरा होता. पाय म्हणाले, बस जरा. पण समुद्र परतणार, हे आता तिला ठाऊक होतं. फूल खुडलं आणि वळली. पाणी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला, मग कमरेला. तशीच किनाऱ्याला लागली आणि थेट घर गाठलं.

भाऊ हिरमुसले. म्हणाले, बगळ्याचं बोलणं आम्हीही ऐकलं होतं की.

"हो रे दादा," चंपावती म्हणाली. "मलाही तेव्हा कळलं नव्हतं. समुद्राशेजारी राहिले, मग कळलं."

तिनं फूल आईच्या नाकाशी धरलं. राणीनं डोळे उघडले, लेकीच्या गालावरून हात फिरवला. म्हणाली, "किती रापलीस गं! कुठं होतीस एवढे दिवस?"

चंपावती आईच्या कुशीत शिरली आणि पोटभर रडली. मग सगळी मिळून जेवली, सुखानं नांदली. मिटा आता डोळे.